नुसतं पाणी

मे महिन्यात मिठागरावर दिवसभर राबलेली हौसा तहानेपोटी दोन कळश्या पाणी प्यायली आणि संध्याकाळी बरळू लागली. नवऱ्याने, जगनने, तिला रिक्षातून पेणला वृंदा डॉक्टरांकडे आणलं. तिथेही तो तिच्या तोंडाला तांब्या लावू लागला, तेव्हा डॉक्टरांनी तो हिसकावून घेतला.

"पाणी नको! घामावाटे अंगातलं मीठ गेलंय. नुसतं पाणी पेशींत शिरतंय, त्या फुगतायत. मेंदू फुगला तर त्याला कवटीत जागा कुठाय?"

तेवढ्यात हौसाला झटका आला. डॉक्टरांनी मिठाची जास्त मात्रा असलेलं सलाइन लावलं, पण सावकाश. घाई केली असती, तर तीही मेंदूला बाधली असती.

दोन तासांनी हौसाने डोळे उघडले.

"वळखलंस काय गो मला?" जगनने विचारलं.

"व्हय. तुमी रडता कशाला?"