गिरवलेल्या सह्या

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. कोर्टातून निवृत्त झालेल्या कारकुनाला सगळी गल्ली ‘सहीवाले’ म्हणायची. देशाच्या पहिल्यावहिल्या मंत्र्यांच्या सहीची पत्रं आणि न्यायाधीशांनी हाताने लिहिलेले निकाल गोळा करण्यात त्यांनी चाळीस वर्षं घालवली होती. रद्दीवाल्यांचे उंबरठे झिजवून एकशे बारा कागद जमले होते. जावई पाहायला आला तेव्हा त्यालाही आधी कागदच दाखवले, मुलगी नंतर.

त्या वर्षी संग्रहालयाचं पत्र आलं. कागद पसंत पडले तर स्वतंत्र दालन देऊ, असं त्यात होतं. मोतीबिंदूने सहीवाल्यांना धड दिसत नव्हतं. “डोळे मिटायच्या आत पोरं चांगल्या घरी पडू देत,” एवढंच ते म्हणायचे. पोरं म्हणजे कागद.

तपासनीस बाई सकाळीच आल्या. पहिल्या कागदावर त्यांनी बराच वेळ भिंग धरलं.

“ही शाई नवी आहे.”

“अहो, सरन्यायाधीश जाऊन वीस वर्षं झाली! वरून सही करायला येतात की काय?”

बाई हसल्या नाहीत. दुसरा कागद पाहिला, दहावा पाहिला. “सगळ्या सह्यांवरून कुणीतरी पेन फिरवलंय.”

स्वयंपाकघराच्या दारात सहीवाल्यांची बायको ऐकत उभी होती. पाच वर्षांपूर्वी ते रडवेले होऊन म्हणाले होते, “अगं, सह्या पुसट होत चालल्या.” सह्या होत्या तशाच होत्या. पण ‘तुमचे डोळे गेले’ हे तिच्याने सांगवेना. अक्षर तिचं मोत्यासारखं. दुपारी त्यांचा डोळा लागला की ती बारीक निबाने एकेक सही गिरवायची. उठल्यावर ते हरखून म्हणायचे, “बघितलंस? कपाट कोरडं ठेवलं की शाई परत वर येते!”

“मी गिरवल्या,” ती म्हणाली.

“किती?” सहीवाल्यांनी विचारलं.

“सगळ्या.”

त्यांनी समोरचे कागद चाचपत गोळा केले. मग तपासनीस बाईंना म्हणाले, “चहा घेऊन जा.”

बाई पुढे संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या. नव्या लोकांना शिकवताना हा किस्सा सांगायच्या, नाव न घेता. सहीवाल्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं नाही. “आता काय बघायचं राहिलंय?” म्हणाले आणि दोन वर्षांनी गेले. मुलीने कागद माळ्यावर टाकले. तिथे त्यांना वाळवी लागली.

बायको पुढे एकोणीस वर्षं जगली. पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवायची.

“आजी, तुम्हाला लिहिता येत नाही?” बँकेतल्या मुलीने एकदा विचारलं.

“येत होतं,” ती म्हणाली आणि पदराला अंगठा पुसला.