तीन गिअर मागे, एक पुढे

निवृत्तीच्या दिवशी मोजणी खात्याने आईला एक भाषण दिलं. मग लिलावात तिने आपलीच जुनी जीप विकत घेतली. भाषण पाच मिनिटं चाललं. जीप चालत नव्हती.

तिच्यातून आईने तीस वर्षं डोंगर मोजले होते. आता ती सव्वा वर्ष अंगणात सुट्या भागांत पडली होती आणि काकांच्या नव्या गाडीला जागा नव्हती. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. वरच्या मजल्यावर राहतात, बोलतातही वरूनच.

"वहिनी, रविवारी दहाला भंगारवाला येतोय. तोवर ही स्वतःच्या इंजिनावर गल्लीला वळसा मारून आली, तर राहील. नाहीतर जाईल."

"येईल, भाऊजी."

आई हाडाची मोजणीदार. सुट्या केलेल्या प्रत्येक भागावर तिने खडूने उत्तरेचा बाण काढला होता. डावं-उजवं माणसागणिक बदलतं, उत्तर बदलत नाही, असं तिचं मत. मत बरोबरच होतं. फक्त मध्यंतरी, रंग मारायला सोपं जावं म्हणून, आम्ही दोघींनी शेजाऱ्यांना हाताशी धरून जीपचा सांगाडा उलट्या तोंडाने ठेवला होता.

शनिवारी मागचा ॲक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा जाडजूड आडवा दांडा, बाण उत्तरेला ठेवून बसवायला घेतला. इंजिनाकडून येणारा शाफ्ट जुळेना. मी ॲक्सल पालथा घातला. चपखल बसला. ऑइल भरायचं भोक मात्र जमिनीकडे आलं.

"पूर्वी लोकांना वाकायची सवय होती," आई म्हणाली.

रविवारी जीपचं तोंड घराकडे, पाठ फाटकाकडे. इंजिन दुसऱ्या फटक्यात सुरू झालं. आईने रिव्हर्स टाकला. जीप पुढे आली आणि पायरीवर कप घेऊन उभ्या असलेल्या काकांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"वहिनी, मागे घ्या."

"मागेच घेतेय."

भंगारवाल्याने वाकून खाली बघितलं. "ॲक्सल पालथा बसलाय, बाई. आता रिव्हर्स पुढे नेणार आणि पुढचे तिन्ही गिअर मागे."

"मग संपलं," काका म्हणाले. "उचला."

आईने पहिला टाकला. जीप मागे सरकत फाटकाबाहेर पडली. घरातून निघालेलं माणूस सहसा पाठमोरं दिसतं. आई अख्ख्या गल्लीभर आमच्याकडे तोंड करून लहान लहान होत गेली. कोपऱ्यावर तिने तिसरा टाकला.

ती दिसेनाशी होताच काकांनी आपली नवी गाडी आणून अंगणात लावली.

चार मिनिटांनी जीप गल्लीच्या दुसऱ्या टोकाने आली. पाठ पुढे करून.

"हे धरायचं नाही," काका म्हणाले. "उलटी गेली."

"पण गेली ना? तुम्ही वळसा म्हणालात. तोंड कुठे हवं ते बोलला नाहीत."

काकांनी भंगारवाल्याकडे बघितलं.

"चालती गाडी तोडत नाही आपण," तो म्हणाला. "लोक नावं ठेवतात." आणि आपला वजनकाटा उचलून निघाला.

आईने इंजिन चालूच ठेवलं. "भाऊजी, गाडी काढा. मला आत यायचंय."

काका बराच वेळ किल्ली शोधत राहिले. ती त्यांच्या हातातच होती. शेवटी गाडीत बसले, रिव्हर्स टाकला आणि सुरळीत मागे आले.

आईने ते लक्ष देऊन पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण मागे जायला एकच गिअर?"