थांबव म्हटलं तरी

मी तिसरीत शाळा सोडली. पण हाक मारली की ओ द्यायची असते, एवढं मला तेव्हाही कळत होतं. माझ्या गिरीधरने लिहिलेल्या प्रोग्रामला ते कळत नव्हतं.

मद्रासच्या नुंगंबाक्कमला आमचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. यजमान गेल्यावर मीच चालवला. गिरीने कॉम्प्युटर आणला आणि सगळे फोटो कापून अल्बमच्या मापाचे करणारा प्रोग्राम केला. 'सुरू' आणि 'थांबव', दोन बटणं. ऐट केवढी!

एक दिवस अलकनंदा मुलीच्या लग्नाचा अल्बम करून घ्यायला आली. वैशाखात ते लग्न झालं आणि आषाढात तिचा नवरा गेला. त्याचे शेवटचे फोटो या लग्नातलेच. गिरीने 'सुरू' दाबलं. पहिलाच फोटो कापून समोर आला आणि ती ओरडली, "अय्यो, हे कुठे गेले?"

मुलीचा बाप तो! फोटोत कडेलाच उभा असणार, त्याला मधे कोण येऊ देतंय? कडा कापली, माणूस गेला.

"थांबव रे!" मी म्हटलं.

गिरीने 'थांबव' दाबलं. पडदा पांढराफटक. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. माशी मारल्यासारखी नुसती खटखट.

"बंद पडलं?"

"नाही आई, आत काम चाललंय. ते संपल्याशिवाय त्याला बटण ऐकू येत नाही."

"म्हणजे अजून कापतंय?"

अलकनंदा माझा दंड धरून म्हणत होती, "अक्का, थांबवा ना!" मी खाली वाकले आणि वायरच उपटली. तोवर चारशे फोटो कापून जुन्यांच्या जागीच बसले होते, मूळचे पुसले गेले. आधी सीडीवर प्रत काढ म्हणायची माझी अक्कल कुठे गेली होती, ते मला विचारू नका.

"ऐकूच येत नाही तर बटण कशाला केलंस मेल्या, शोभेला? वडे तळणारीला कढई सोडता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाची हाक ऐकायला दाराशी दुसरी बाई ठेवतात. एवढंही कॉलेजात शिकवलं नाही?"

शी! ती खटखट आठवली की अजून किळस येते.

आठ दिवस खपून गिरीने प्रोग्रामचं काम दोघांत वाटलं. आत एक कापतो, बाहेर दुसरा नुसता ऐकायला बसतो. मी स्वतः वीस वेळा 'थांबव' दाबलं. वीसही वेळा थांबलं. आता थांबून कुणाचं भलं?

उरलेल्या फोटोंत अलकनंदाचा नवरा एकदाच सापडला, पंगतीत पायसम वाढताना, पाठमोरा. कन्यादानाच्या कापलेल्या फोटोत त्याचा चेहरा नव्हता. मुलीच्या ओंजळीखाली धरलेला हात तेवढा राहिला होता, मनगटावर घड्याळ. अलकनंदाने त्यावर बोट ठेवलं.

"हा मोठा करून द्या, अक्का."

गिरी पुढे सरसावला. "तू नको," म्हटलं. त्या फोटोची सीडी पदराखाली घेतली आणि समोरच्या राममूर्तीच्या फोटो स्टुडिओत गेले. वीस वर्षांत त्याची पायरी मी चढले नव्हते.