पाळी गेल्यावर शिवलेला कावळा

मी एक धागा बोलतोय. सुताचा नाही, लोकरीचाही नाही. बोरी गावच्या कासाबाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीत माझा जन्म झाला. शास्त्रज्ञ मला लाँग नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. माझे काही भाऊबंद प्रथिनं बनवायचे निरोप पोचवतात. माझ्याकडून एकही प्रथिन बनत नाही, म्हणून कितीतरी वर्षं आमची गणना अडगळीत होत होती.

पण पारावरचा म्हातारा नांगर धरत नाही, म्हणून गावात त्याचं चालत नाही असं थोडंच आहे? कोणत्या जनुकानं बोलायचं आणि कोणत्यानं गप्प बसायचं, हे ठरवण्यात माझाही हात असतो. मी बेतानं होतो तोवर सगळं ठीक होतं. कासाबाई नवऱ्याबरोबर, उमाजीबरोबर, मेंढरांमागं रानोमाळ हिंडली, तीन बाळंतपणं तिनं पालावर काढली.

मग कधीतरी एक विषाणू आला आणि वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. पेशी बिघडली, माझ्या नकला भरमसाट निघू लागल्या. 'आता वाढू नकोस' असं पेशीला बजावणारी जी शहाणी जनुकं होती, त्यांचीच तोंडं मी दाबली.

कासाबाईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. एके सकाळी पातळाला डाग लागला. ती निमूट चुलीपासून उठली आणि सुनेला, सोनूला, म्हणाली, "भाकरी तू टाक. मला कावळा शिवलाय."

तिची जाऊ मनकर्णा खुसुखुसु हसली. "बाई, म्हातारपणी तरणी व्हायलीस का?"

कासाबाईही हसली. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाच दिवस ती बाजूला बसली. डाग थांबले, पुन्हा आले, मग थांबेनातच. माणसं दुखणं अंगावर काढतात. हिनं ते दुखणं मानलंच नाही, विटाळ मानला. गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर आलं, नर्सबाई दारापर्यंत आल्या. असल्या अंगानं तपासायला कसं जायचं, म्हणून कासाबाई मेंढरांच्या वाड्यामागं लपून राहिली. पुढल्या बारीला जाईन, असं तिनं सोनूला सांगितलं.

सव्वा वर्षानं कंबर तिला बसू देईना, तेव्हा मुलगा बिरदेव तिला परभणीला घेऊन गेला. तोवर मी मूत्राशयापर्यंत पोचलो होतो. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही; गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आहे आणि तो फार पुढं गेलाय, असं सांगितलं. सगळं ऐकून कासाबाईनं एवढंच विचारलं, "सव्वा वरीस झालं, बिरोबाच्या देवळाची पायरी चढले न्हाई. आता तरी जाता येईल का?"

डॉक्टरीणबाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "हा विटाळ नव्हताच, मावशी. तुम्हाला कधीही जाता आलं असतं."

आता कासाबाई ओसरीवर पडून असते. पायरी चढायचं बळ उरलेलं नाही. मनकर्णा तिचे पाय चेपत बसते, हसत नाही. कासाबाईच्या अंगाचा तपासणीसाठी काढलेला एक तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळेत ठेवलाय, त्यातही मी आहे. आमच्यासारख्यांवरून हा रोग लवकर ओळखता येईल का, हे तिथं शोधतायत. सापडेलही. कासाबाईला त्याचा उपयोग नाही. ती गेली की तिच्या अंगातला मीही संपणार, एवढी साधी अक्कल मला आधी नव्हती.

बायांनो, माझं लांबलचक नाव विसरलात तरी चालेल. एवढं मात्र ध्यानात ठेवा. पाळी गेल्यावर कावळा शिवत नसतो. तो मी असू शकतो.