सतरा नंबरचा खिळा

मी फळी बोलतेय. शाळेतला फळा नव्हे, आणि स्वयंपाकघरात डबे ठेवतात ती फळीही नव्हे. मी होडीतली फळी. दीड हात रुंद, हातभर उंच, अंगावर तीन ओळींत चोवीस खिळे. प्रत्येक खिळ्याला एक गोल पत्र्याचा बिल्ला आणि बिल्ल्यावर नंबर. होडीवाला पुढे सुकाणूपाशी उभा राहतो, त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर मला ठोकलंय. लोक माझ्याकडे तोंड करून बाकांवर बसतात. म्हणजे सगळी होडी पुढे बघते आणि मागे बघणारी मी एकटीच. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आमच्या बेटावर लोक सुट्टीला येतात, पण नुसतं लोळायला नाही. इथलं अतिथिगृह चालवणाऱ्या बाई दर आठवड्याला एका हौशी कंपूला बोलावतात. एका आठवड्यात पक्षी बघणारे, दुसऱ्यात विणकाम करणाऱ्या, तिसऱ्यात शंखशिंपले गोळा करणारे. पक्षीवाले दिवसभर तोंडातून शब्द काढत नाहीत. विणकामवाल्या समुद्राकडे ढुंकून बघत नाहीत, घरी विणायच्या ते इथे येऊन विणतात आणि वर म्हणतात, काय सुंदर जागा आहे!

प्रत्येक कंपूला एकदा तरी वाळूच्या पट्ट्यावर न्यायचंच असतं. अर्ध्या तासावर, भर समुद्रात, ओहोटीला तो वर येतो. पांढरी वाळू आणि मधोमध दोन पुरुष उंचीचे खडक. तीन-चार तास हुंदडायचं आणि भरती लागायच्या आत निघायचं. कारण भरतीला वाळू तर जातेच, खडकही जातात.

आधी होडीवाला डोकी मोजायचा. पण सुट्टीवर आलेलं माणूस एका जागी बसेल तर शपथ! हा मोजतोय तोवर कुणी इकडून तिकडे, कुणी फोटोसाठी पुढे. एकदा मोजणी चुकली आणि एक पक्षीवेडा पट्ट्यावर राहिला. वाटेत लक्षात आलं, लगेच होडी फिरवली. तर हा गडी दुर्बीण डोळ्याला लावून जिथल्या तिथे उभा! होडी गेली हेही त्याला ठाऊक नव्हतं. सगळे पोट धरून हसले. होडीवाला मात्र हसला नाही. त्याच संध्याकाळी जुन्या होडीच्या बाकाची फळी कापून त्याने मला केलं, पत्रा कापून बिल्ले केले, खिळ्याने टोचून टोचून नंबर काढले. नियम सोपा. उतरताना आपला बिल्ला घ्यायचा, चढताना लावायचा. फळी भरली की निघायचं, नाही भरली तर हलायचं नाही.

"ज्याचा त्याने लावायचा हं!" दर फेरीला तो ओरडायचा.

मोठ्या इमानाने मी नऊ वर्षं काम केलं. खोटं कशाला बोलू, मला थोडी घमेंडही होती. माझ्याकडे एक नजर टाकल्याशिवाय होडी सुटत नव्हती. कधी कधी एखादा खिळा रिकामा राहायचा, मग धावपळ. एकदा एक बाई हरवल्या म्हणून दोन तास वाळू पालथी घातली, आणि बाई आपल्या मागच्या बाकावर बसून स्वतःलाच शोधायला मदत करतायत! बिल्ला त्यांच्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत. असं खूपदा व्हायचं. बिल्ला नाही पण माणूस हजर, याची आम्हाला सवय होती. बिल्ला हजर आणि माणूस नाही, हे मात्र कुणाच्या डोक्यातच कधी आलं नाही. माझ्याही नाही.

मागच्या वर्षी चित्रं काढणाऱ्यांचा कंपू आला. त्यात एक जोडपं होतं. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, म्हणून त्या आपोआप मास्तरीणबाई. मास्तर स्वभावाने भोळे सांब. ब्रश कानामागे ठेवून ब्रश शोधत फिरायचे. मास्तरीणबाई चित्रं काढत नव्हत्या. त्या मास्तरांना सांभाळायला आल्या होत्या, आणि ते काम दिवसभर पुरत होतं.

"अहो, पाणी प्यायलात का? अहो, चष्मा पुसा. अहो, टोपी घाला, ऊन डोक्यात जाईल."

"घालतो गं," मास्तर म्हणायचे आणि घालायचे नाहीत.

पट्ट्यावर पहिल्यांदा उतरले तेव्हा मास्तरांनी सतरा नंबरचा बिल्ला घेतला. बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"यांच्याकडे राहिला तर समुद्रात जाईल. दोन्ही माझ्याकडेच असू देत."

होडीवाल्याने तोंड उघडलं, नियम सांगायला. पण बाई इतक्या हक्काने बोलल्या आणि मास्तर इतके गोड हसले की तोही हसला. "बरं, असू दे," म्हणाला. चार दिवस दोन्ही बिल्ले बाईच लावत होत्या. सोळा आणि सतरा. सोळा स्वतःचा, सतरा नवऱ्याचा, आणि दर वेळी मास्तर त्यांच्या मागे असायचे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. निघायची वेळ झाली आणि एकाएकी वारा सुटला. कुणाचे कागद उडाले, कुणाची रंगाची पेटी सांडली, एकच पळापळ. त्या गडबडीत बाईंचं लक्ष मास्तरांच्या डोक्याकडे गेलं.

"टोपी कुठाय? टाकलीत ना कुठेतरी? किती वेळा सांगायचं माणसाने! मी काय तुमच्या मागे मागेच फिरू का जन्मभर?"

चारचौघांत बोलल्या. मास्तरांचा चेहरा पडला. बाई तरातरा निघाल्या आणि होडीत चढल्या. मागे मास्तर येतच असणार, चाळीस वर्षं येतच होते. त्यांनी सोळा लावला, रागारागाने सतराही लावला, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. मागे वळून बघायचं नाही असं ठरवूनच बसल्या. मास्तर मागच्या बाकावर असतील, बसू देत तिकडेच! बाकीचे, चित्रं भिजू नयेत म्हणून, ती छातीशी धरून अंगावर ताडपत्री ओढून बसलेले. होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. चोवीस.

"भरली फळी, चला!"

नाही हो, नाही भरली! माझ्या अंगावर सतरा नंबरचा बिल्ला वाऱ्याने टकटक वाजत होता. तेवढाच माझा आवाज, आणि इंजिनापुढे तो काय टिकणार? होडी सुटली. पट्टा मागे जाऊ लागला. आणि खडकाआडून मास्तर बाहेर आले.

त्यांच्या हातात टोपी होती. पांढरी, कापडी. खडकाजवळ बसून चित्र काढलं होतं तिथे राहिलेली ती टोपी आणायला ते गेले होते, बायकोचा राग जावा म्हणून. आधी त्यांनी टोपी हलवून हाक मारली. मग पाण्यात गुडघाभर उतरले. मग थांबले. मला वाटतं त्यांना वाटलं असेल, लक्षात येईल हिच्या, येतील परत. ते माघारी गेले, आपलं घडीचं स्टूल उघडलं, त्यावर बसले आणि टोपी डोक्यावर घातली. नीट, दोन्ही हातांनी दाबून घातली. मग ते लहान होत गेले.

मी सगळं बघत होते. माझा जीव टांगणीला लागला होता आणि माझ्यासमोर तेवीस माणसं पुढे बघत बसली होती. कुणीतरी एकाने मान वळवली असती! एकाने!

धक्क्याला लागल्यावर बाई मागे न बघता खोलीवर गेल्या. रुसवा होता ना. मास्तर बाकीच्यांबरोबर चित्रं वाळवत असतील असं त्यांनी धरलं, आणि बाकीच्यांनी धरलं की मास्तर खोलीवर बायकोची समजूत घालत असतील. दोन तासांनी चहाला जमले तेव्हा एकाने विचारलं, "मास्तर कुठे आहेत?" बाई म्हणाल्या, "मलाच विचारताय?"

त्या धक्क्यावर धावत आल्या ते मी पाहिलं. चप्पल एकाच पायात होती. होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं, सतरावर सतरा जागच्या जागी. "बाई, बिल्ला तर आहे," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी तो बिल्ला खिळ्यावरून ओरबाडून काढला.

"मी लावला हो हा! मी लावला!"

आम्ही गेलो तेव्हा तिथे पाणीच पाणी होतं. घडीचं स्टूल तरंगताना सापडलं. मास्तर नाही सापडले, दुसऱ्या दिवशीही नाही, आठवड्यानेही नाही. टोपीही नाही सापडली.

चौकशी झाली, माणसं आली, मलाही उलटंपालटं करून बघितलं. माझ्याकडून काय कळणार? आता होडीवाला डोकी मोजतो. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, दोनदा. माझ्याकडे बघून सोडत नाही तो होडी, आणि बरोबरच आहे त्याचं. पण मला काढलंही नाही. सतरा नंबरचा खिळा रिकामा आहे, बिल्ला बाईंबरोबर गेला. फळी भरली नाही तर काम संपलं नाही, हा नियम त्याने स्वतःच केलेला. म्हणून लोकांना धक्क्यावर उतरवलं की तो एकटा पुन्हा पट्ट्यावर जातो, एक फेरी मारतो आणि येतो. रोज. अतिथिगृहाच्या बाई ओरडतात, बायको रडते. तो ऐकून घेतो आणि जातो.

गेल्या आठवड्यात मास्तरीणबाई आल्या. चित्रवाल्यांच्या कंपूबरोबर, एकट्या. लोक उतरल्यावर होडीतच बसून राहिल्या. होडीवाला समोर उभा राहिला.

"बाई, चूक माझी," तो म्हणाला. "ज्याचा त्याने लावायचा, हे मी पहिल्याच दिवशी तुम्हाला बोललो नाही."

"तुम्ही बोलला असता तरी मी ऐकलं नसतं," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून बिल्ला. उठून माझ्यापाशी आल्या, सतरा नंबरच्या खिळ्यापर्यंत हात नेला. मला वाटलं, लावा हो, सुटू दे या बिचाऱ्याची फेरी.

त्यांनी हात मागे घेतला.

"नाही. एकदा लावला मी त्यांचा. आता नाही लावायची."

मग त्या पुन्हा बाकावर बसल्या आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. रडता रडता एकच म्हणत होत्या, "किती ऊन होतं हो त्या दिवशी. आणि त्यांच्या डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती. माझ्यामुळे उन्हात बसले असतील, उघड्या डोक्याने."

होडीवाला खाली मान घालून उभा होता. त्याला तरी काय ठाऊक?

तुम्ही कधी कुठे कंपूबरोबर गेलात, तर आपला बिल्ला आपणच लावा. कितीही हक्काचं माणूस असलं तरी त्याचा आपण लावू नका, आणि कितीही राग आला असला तरी एकदा मागे वळून बघा. एवढंच माझं मागणं आहे. आणि तुमच्यापैकी कुणाला मास्तरीणबाई भेटल्याच, तर माझा एक निरोप त्यांना द्या, कारण मला तो देता येत नाही. बाई, टोपी होती त्यांच्या डोक्यावर. तुम्ही सांगितलीत म्हणून आणली होती. मी पाहिली.