अर्ध्या वर्षाचा राक्षस

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी क्लेमेंट यास्कुल्स्कीच्या हातात राक्षसाचं मुंडकं आलं आणि धड फळीवरच राहिलं.

पडलं नाही, आपटलं नाही, कुणाचा धक्काही लागला नाही. धूळ पुसावी म्हणून त्याने डोक्याला धरून उचललं, एवढाच त्याचा गुन्हा. मानेपाशी टक्‌ असा कोरडा आवाज झाला. एका हातात फडकं, एका हातात मुंडकं, अशा अवस्थेत क्लेम मागच्या खुर्चीत बसला.

"बर्नाडिन," त्याने हाक मारली. बायको स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सगळं वर्ष सोडून आजच?"

"मी काही केलं नाही."

"तू कधीच काही करत नाहीस. जेवणवेळेला रोमन येऊन दारात उभा राहील, त्याला काय सांगणार आहेस?"

तीच तर गोची होती.

वीतभर उंचीचा पोकळ प्लॅस्टिकचा बाहुला मोडला, तर साठी उलटलेल्या माणसाने एवढं हबकायचं कारण काय? खरं तर क्लेमच्या घरात असल्या बाहुल्यांनी भिंती भरल्या होत्या. गोरिला, चेटकिणी, तीन डोळ्यांचे परग्रहवासी, सगळे प्राणिसंग्रहालयांतून असायच्या त्या जुन्या मशीनमधले. काचेच्या घुमटाखाली साच्याचे दोन भाग असायचे. फटीत नाणं टाकलं की ते सरकत येऊन एकमेकांवर घट्ट बसायचे, आत वितळलेलं प्लॅस्टिक जायचं, आणि थोड्या वेळाने साचा उघडून गरमागरम राक्षस खालच्या दारात घसरायचा. सोबत मेणबत्ती विझवल्यावर येतो तसला वास. त्या वासासाठी क्लेम आजही पाच-सहा तास गाडी हाकत जाईल. भिंतीवरचा दुसरा कुठलाही नग मोडला असता, तर त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि कॉफी पीत बसला असता.

हा मात्र दलदलीतला राक्षस होता, पंजे वर केलेला, अर्धा हिरवा आणि अर्धा काळा. मशीनमधला हिरवा माल संपत आला असताना कामगाराने वरून काळा ओतला आणि त्या एकाच खेपेला दोन्ही रंग एकमेकांत घुसळून बाहेर पडले. असा दुसरा कुणाच्या पाहण्यात नाही. पण भानगड रंगाची नव्हतीच. लहानपणी मिलवॉकीच्या प्राणिसंग्रहालयात आत्याने दोघा भावांत मिळून एकच नाणं दिलं होतं. थोरल्या रोमनने ते फटीत टाकलं, आणि धाकट्या क्लेमने घाईने दारात हात घालून बोटं भाजून घेतली. "नाणं मी टाकलं" आणि "हात माझा भाजला" हे भांडण घरी येईपर्यंत चाललं, जेवताना चाललं, अंथरुणातही चाललं. शेवटी आईने वैतागून निकाल दिला की एक आठवडा याच्याकडे राहील, एक आठवडा त्याच्याकडे.

पुढे लग्नं झाली, रोमन शेबॉयगनला राहायला गेला आणि आठवड्याचं अर्धं वर्ष झालं. ईस्टरच्या आदल्या दिवशी रोमनने येऊन राक्षस न्यायचा, सप्टेंबरात अमेरिकन कामगार दिनाच्या सुट्टीला क्लेमने जाऊन परत आणायचा.

आणि मग आई गेली. ती गेली तेव्हा हा शहाणा क्लेम ओहायोत असले राक्षस गोळा करणाऱ्यांच्या जत्रेत होता, फोन गाडीत विसरून एका चेटकिणीसाठी घासाघीस करत. रोमन एकटा तिच्या उशाशी बसून होता. तो नंतर ओरडला असता, थोबाडीत मारली असती, तरी परवडलं असतं. त्याने बोलणंच टाकलं. फोन नाही, नाताळचं कार्ड नाही. पण आईने दिलेला निकाल मोडायची त्याची छाती झाली नाही. वर्षातून दोनदा दोघे समोरासमोर यायचे, अंगावरचा कोटसुद्धा न काढता राक्षस या हातातून त्या हातात जायचा. हवेबद्दल दोन वाक्यं व्हायची. क्लेम त्या दोन वाक्यांवर उरलेलं वर्ष काढायचा.

राक्षस नाही म्हणजे रोमन नाही.

"चिकटव की मग," बर्नाडिन म्हणाली.

"याला गोंद धरत नाही."

"ते दोन नळ्यांचं काहीतरी असतं ना?"

"जगातला कुठलाच गोंद धरत नाही, बाई. राक्षस गोळा करणारं शेंबडं पोरही सांगेल."

"आणि ऊन लागलं की हे प्लॅस्टिक कडक होतं, हे ते शेंबडं पोर सांगत नाही वाटतं?"

हे वर्मी लागलं. हिवाळाभर त्याने राक्षस खिडकीत ठेवला होता. सकाळचं तिरपं ऊन आतून गेलं की हिरव्यात काळ्या नागमोडी रेषा पेटून उठायच्या, आणि हा कॉफीचा कप घेऊन तिथे बसून राहायचा. जत्रांमधून नवख्यांना उन्हावर प्रवचनं झोडणारा माणूस.

तळघरातून तो सोल्डरिंग आयर्न घेऊन आला. उपाय एकच होता, वितळवून सांधायचं. एका फुटक्या मगरीच्या शेपटीचा हिरवा तुकडा कापला, मुंडकं धडावर टेकवलं आणि श्वास रोखून कडेकडेने तापलेलं टोक फिरवायला लागला. खिडकी उघडी ठेवूनही घरभर जळका वास सुटला. टेबलावर ईस्टरच्या जेवणाची, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आलेली टोपली होती, हॅम, अंडी, लोण्यात घडवलेलं कोकरू. बर्नाडिनने ती उचलून दुसऱ्या खोलीत नेली.

मान बसली. लांबून बघितलं तर कळलंही नसतं. जवळून मात्र गळपट्टा घातल्यासारखी एक मळकट कड दिसत होती, आणि बोटाने जरा दाबलं की ती कुरकुरायची.

"त्याला सांगून टाक," बर्नाडिन म्हणाली.

"सांगतो."

"सांगतो म्हणताना भिंतीकडे काय बघतोस?"

क्लेमने राक्षस जाड टॉवेलमध्ये गुंडाळला. रोमन उघडून बघणार, यात शंका नव्हती. दर वेळी बघायचा. दिव्याखाली धरायचा, उलटा करायचा, तळाच्या भोकात फुंकर मारायचा, नाकाला लावायचा आणि मगच मान हलवायचा. कशात काही रस नसल्यासारखं दाखवणारा रोमन त्या अर्ध्या मिनिटापुरता दहा वर्षांचा व्हायचा. आज त्या अर्ध्या मिनिटात सगळं संपणार होतं.

गाडीचं दार वाजलं. रोमन आत आला, बूट पायपुसण्यावर झटकले आणि तिथेच उभा राहिला.

"थंडी आहे अजून," तो म्हणाला.

"आहे," क्लेम म्हणाला. "तळ्याकडून वारा सुटलाय."

"बर्नी, बरी आहेस?"

"मी बरी आहे," बर्नाडिन म्हणाली. "हा बरा नाहीये."

रोमनने भावाकडे पाहिलं. क्लेमने टॉवेलचं गाठोडं पुढे केलं. आता हा उघडणार.

रोमनने गाठोडं हातात घेतलं आणि उघडलं नाही.

"गुंडाळलास ते बरं केलंस," तो म्हणाला. "हल्ली हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. मागच्या आठवड्यात तीन कप फोडले." त्याने हात किंचित वर केला. बोटं खरंच थरथरत होती. "घरी जाऊन सावकाश बघेन. चल, येतो."

आणि तो वळला.

क्लेमला आधी हायसं वाटलं. सुटलो, असंच वाटलं त्याला, खोटं कशाला सांगायचं. रोमन दाराबाहेर पडला, पायऱ्या उतरायला लागला, आणि मग ते सुटणं म्हणजे काय ते क्लेमच्या डोक्यात हळूहळू शिरलं. रोमन घरी जाणार. टेबलाशी बसून टॉवेल सोडणार. त्या थरथरत्या बोटांनी राक्षस उचलणार, आणि मुंडकं त्याच्या हातात येणार. त्याला वाटणार, मी मोडला. माझ्या या हातांनी मोडला. आईने वाटून दिलेलं एवढंसं खेळणं मला जपता आलं नाही. तो कुणालाही सांगणार नाही, फोन करणार नाही. सप्टेंबरात क्लेम गेला तर दार उघडणार नाही.

आणि क्लेम मात्र नामानिराळा राहिला असता.

त्याने मागे पाहिलं. बर्नाडिन हाताची घडी घालून उभी होती. ती काही बोलली असती तर त्याला तिच्यावर चिडता आलं असतं.

तो घरातल्या चपलांवरच पायऱ्या उतरला. रोमन गाडीत बसला होता, इंजिन सुरू झालं होतं, गाठोडं शेजारच्या सीटवर होतं. क्लेमने टपावर थाप मारली.

"रोमन, थांब. ते मोडलंय."

काच खाली आली. "काय?"

"मान तुटली. सकाळी. ऊन लागून कडक झालं होतं, मीच खिडकीत ठेवलं होतं. वितळवून जोडलंय, पण ते धरणार नाही. तू हात लावशील आणि सुटेल."

रोमनने इंजिन बंद केलं. गाठोडं मांडीवर घेतलं, टॉवेल सोडला. कड त्याला लगेच दिसली. त्याने अंगठा नुसता टेकवला आणि मुंडकं त्याच्या मांडीत पडलं.

"मला तसंच नेऊ देणार होतास."

"हो."

"घरी माझ्या हातात मोडलं असतं."

"हो."

"आणि मला वाटलं असतं..." रोमनने वाक्य पुरं केलं नाही. त्याने हात स्टिअरिंगवर ठेवले, तरी ते थरथरायचे थांबेनात. "हलकट आहेस तू, क्लेम."

"आहे."

"मग सांगितलंस कशाला?"

"नसतं सांगितलं तर तू आला नसतास परत. सांगितलं म्हणूनही येणार नाहीस, ते कळतंय मला. पण निदान तू स्वतःला दोष देत बसणार नाहीस." क्लेम काचेपाशी वाकला. "आईच्या वेळी मी नव्हतो, त्याचं मला रोज वाईट वाटतं. रोज. तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगायला मिळालं नाही."

शेजारची म्हातारी कुत्रा घेऊन चालली होती. तिने हात केला आणि दोघांनीही सवयीने हात केला. मग रोमनने धड उचलून खिडकीतून क्लेमच्या हातात दिलं. मुंडकं त्याने कोटाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. ते एक बटण लावायला त्याला चार वेळा धडपडावं लागलं. क्लेमचा हात पुढे होत होता, तो त्याने मागे ओढला.

"झाली वाटणी," रोमन म्हणाला.

"झाली," क्लेम म्हणाला.

पन्नासहून जास्त वर्षं चाललेलं भांडण असं निम्मं निम्मं होऊन मिटलं होतं. आता कुणाचं कुणाकडे काही राहिलं नव्हतं. क्लेम बाजूला झाला. गाडी मागे सरकत रस्त्याला लागली, वळली. क्लेम पंजे वर केलेलं ते बिनडोक्याचं धड छातीशी धरून चपलांवर उभा राहिला. पाय गारठले होते, पण आत जाऊन बर्नाडिनला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी थांबली. मागचा पांढरा दिवा लागला आणि ती तशीच उलटी, वेडीवाकडी होत परत आली. काच अजून खालीच होती. रोमन समोर रस्त्याकडे बघूनच बोलला.

"सप्टेंबरात येताना धड घेऊन ये. पुढचं अर्धं वर्ष ते माझ्याकडे. डोकं तू ने."