विंडोचं कार्ड

सुतार तिसऱ्यांदा उठला. तोच खण पुन्हा उघडला, पुन्हा ढकलून दिला.

"अहो दादा, बसा की जरा," शब्दकोशाच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला बघून मलाच घेरी येतेय."

"बसवत नाही हो."

त्याची बायको इंग्रजी शब्दांची कुळं शोधायची. कुठला शब्द कुठून आला, कोणाच्या पोटी जन्मला, ते एकेका कार्डावर लिहून ठेवायची. शेवटी शेवटी अंथरुणातूनच लिहायची. ती जाऊन तीन महिने झाले होते. आज बाई तिच्या कार्डांचा शेवटचा खोका न्यायला आल्या होत्या. उद्या सगळं छपाईला जाणार होतं. 'विंड' होतं, 'वाइन' होतं, मधलं 'विंडो' गायब.

"नाही मिळालं तर मी लिहून टाकते. चार ओळींचं तर काम."

"तुम्ही नका लिहू. तिने शोधलंय, तिचंच छापा." तो जरा जास्तच तडकून बोलला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर वारा सुटला होता. समोरच्या गच्चीवरचे कपडे फडफडत होते.

खिडकी मात्र गप्प होती.

ही कधीपासून गप्प झाली? आजारपणात हिच्या खडखडाटाने बायकोचा डोळा लागायचा नाही. "गावभर खिडक्या बसवता, आपलीच तेवढी राहिली," ती म्हणायची. "उद्या पाचर मारतो," तो म्हणायचा. पुढे तिने खिडकीबद्दल बोलणं सोडलं. त्याला वाटलं, लाकूड फुगून आपोआप बसलं. इतक्या वर्षांचा सुतार, आणि असं वाटलं!

तो वाकला. चौकटीच्या फटीत, अगदी तळाशी, घडी घातलेला पुठ्ठा खोचलेला होता. त्याने तो नखाने बाहेर ओढला.

बाईंनी तो हातात घेतला, घडी उलगडली आणि वाचलं. "जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द. विंड म्हणजे वारा, औगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा." त्यांनी कार्ड उजेडात धरलं. "शाई जरा फुटलीय, पण लागतंय सगळं. हेच जाईल."

तोवर खिडकी खडखडायला लागली होती.

खोका काखेत मारून निघताना बाई दारात वळल्या. "दादा, आज तेवढी पाचर मारून टाका हो. झोप यायची नाही."

"उद्या मारतो," तो म्हणाला, आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून बसला.